साथ ओसरली, फेरी परतली नाही

कोरोनाच्या साथीने लोकांची प्रवासाची इच्छाच मारून टाकली, असा एक समज सरकारी कचेऱ्यांपासून चहाच्या टपरीपर्यंत रूढ होऊन बसला आहे. एस.टी.ची एखादी फेरी बंद झाली की ‘आता पूर्वीसारखे प्रवासीच राहिले नाहीत’ हे उत्तर तयार असते. रेल्वेच्या पॅसेंजर गाडीविषयी विचारणा केली तरी तेच. हा समज एकदा तपासून पाहिला पाहिजे. कारण त्याच्या आधारावर निर्णय घेतले जात आहेत, आणि त्या निर्णयांचा भार ज्यांच्यावर पडतो त्यांच्यापैकी अनेकांना गाऱ्हाणे मांडण्यासाठी तालुक्याच्या गावी यावयाचे तरी कसे, हाच प्रश्न पडलेला असतो.

या तपासणीसाठी बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण फार उपयोगी आहे. तेरा तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २६ लाख लोकसंख्या आणि तिच्यापैकी जवळजवळ चारपंचमांश लोक खेड्यांत राहणारे, असा हा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा अशा दोन भागांत विभागलेला आहे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई-हावडा लोहमार्गावर आहेत आणि जलंबहून खामगावला एक लहानशी शाखा जाते. घाटावर मात्र बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या सहाही तालुक्यांत रेल्वेचा रूळ नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शतकाहून जुनी आहे; तिच्या आशेवर दोन-तीन पिढ्या संपल्या. तात्पर्य, घाटावरच्या माणसाजवळ स्वतःचे वाहन नसेल तर त्याला एस.टी. किंवा काळीपिवळी यांखेरीज तिसरा पर्याय नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर याच जिल्ह्यात शेगावचे गजानन महाराजांचे मंदिर, सैलानीबाबांचा दर्गा, जिजाऊंचे सिंदखेडराजा आणि लोणारचे सरोवर ही चारही ठिकाणे बाहेरच्या माणसांना ओढून आणणारी आहेत. गरजेपोटी बाहेर पडणारा प्रवासी आणि श्रद्धेने वा कुतूहलाने आत येणारा प्रवासी, असे दोन्ही प्रकार येथे एकत्र पाहावयास मिळतात.

अर्थशास्त्रात प्रवासाच्या मागणीला साधित मागणी म्हणतात. एस.टी.च्या बाकावर बसण्याचे सुख मिळावे म्हणून कोणी चिखलीहून मेहकरला जात नाही. विद्यार्थी महाविद्यालयासाठी जातो, शेतकरी बाजार समितीसाठी, पक्षकार कोर्टाच्या तारखेसाठी, रोगी दवाखान्यासाठी आणि सासुरवाशीण माहेरासाठी. तेव्हा प्रवास घटला असे दिसले की त्याची चार निरनिराळी कारणे संभवतात. ज्या कामासाठी जावयाचे ते कामच बंद पडलेले असेल. जाण्याचे साधन बंद असेल. खिशात पैसा नसेल. किंवा मनात भीती असेल. यांतील केवळ चौथ्या कारणाला अनिच्छा हे नाव देता येईल. सन २०२० मध्ये ही चारही कारणे एकाच आठवड्यात येऊन कोसळली. तिकिटांच्या हिशेबात मात्र ती वेगळी दिसत नाहीत. तेथे दिसतो तो फक्त घटलेला आकडा.

भीती होती हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या वर्षी होळीला भरणारी सैलानीची यात्रा प्रशासनाला रद्द करावी लागली. पुढे तीन आठवड्यांच्या आत, मार्चच्या अखेरीस, खुद्द बुलढाणा शहरात कोरोनाने एक मृत्यू झाला आणि जिल्हा हादरला. राज्यातील असंख्य खेड्यांप्रमाणे येथल्याही वाटांवर काटेरी फांद्या आडव्या पडल्या. तथापि ही भीती नेमकी कशाची होती, हे बारकाईने पाहिले पाहिजे. गावकऱ्याला स्वतः बाहेर जाण्याचे जेवढे भय वाटत होते, त्याहून अधिक भय बाहेरून येणाऱ्याचे वाटत होते. पुण्या-मुंबईहून परतलेला सख्खा पुतण्यासुद्धा चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्कामाला ठेवला गेला. अर्थशास्त्र प्रवाशाच्या इच्छेचा विचार करते, पण यजमानाच्या इच्छेचा सहसा करीत नाही. वास्तविक, निम्म्याहून अधिक ग्रामीण प्रवास कोणाच्या तरी दाराशी जाऊन संपत असतो. ते दार उघडेल की नाही याची शंका आली की बसची वेळ पाहण्याचे कारणच उरत नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा याच भयाची दुसरी बाजू दिसली. पाण्याचे, मातीचे, रक्ताचे नमुने घेतले गेले, तज्ज्ञांची पथके आली. पण निदान होण्याच्या आतच त्या गावांत जाण्यायेण्यास लोक कचरू लागल्याच्या बातम्या आल्या. रोग संसर्गाचा आहे असे कोणी सिद्ध केलेले नव्हते. तो काय आहे हे ठाऊक नव्हते, एवढेच पुरेसे झाले.

धोका आणि अनिश्चितता यांत भेद करावा, असे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सुचविले होते. ज्याचा अंदाज बांधता येतो तो धोका. ज्याचा अंदाजच बांधता येत नाही ती अनिश्चितता. माणूस धोक्याला सरावतो, अनिश्चिततेपुढे मात्र थिजतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी होरपळून मरण पावले. सारा महाराष्ट्र त्या दिवशी हळहळला. परंतु महामार्गावरील वाहनांचा ओघ काही आटला नाही. रस्त्यावरचा मृत्यू हा परिचयाचा धोका आहे. उलट मार्च २०२० मधील विषाणू परिचयाचा नव्हता. तो कसा पसरतो, किती जणांना नेतो, औषध आहे की नाही, यांतले काहीच सांगता येत नव्हते. वर्ष-दीड वर्षात तो परिचयाचा झाला. लस आली, घरोघरी कोणी ना कोणी आजारी पडून बरे झाले, कित्येक घरांतून माणसेही गेली. दुसऱ्या लाटेचे दुःख पहिलीपेक्षा कितीतरी मोठे होते, तरीही ती ओसरताच लोक पहिल्यापेक्षा लवकर घराबाहेर पडले. याचा उलगडा नाइट यांच्या भेदाने होतो. केवळ ‘लोक बेफिकीर झाले’ असे म्हणून होत नाही.

शिवाय साथ आली की प्रवासाची इच्छा घटतेच, हे गृहीतकही पुरते खरे नाही. पुष्कळदा ती वाढते. फक्त तिची दिशा बदलते. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा काही महिन्यांत शहराची सुमारे निम्मी वस्ती मिळेल त्या गाडीने, बोटीने, पायी गावाकडे निघून गेली. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत मलकापूर, नांदुरा, खामगाव या गावांतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर तेच दृश्य दिसले. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, आणि तोंड पूर्वेकडे. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ लोहमार्गावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते शेजारच्या जालन्याहून निघाले होते आणि त्यांना भुसावळला पोहोचून मध्य प्रदेशातील आपल्या घराकडे जाणारी गाडी पकडावयाची होती. त्या मजुरांची प्रवासाची इच्छा कमी झाली होती, असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होईल?

इतिहासाचाही दाखला याहून वेगळा नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने ज्या प्रांतांची सर्वाधिक हानी केली त्यांत मध्य प्रांत व वऱ्हाड होता. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. तो रोग आगगाडीच्या मार्गाने पसरला हे त्या वेळीही लोकांच्या ध्यानात आले होते. असे असूनही वऱ्हाडातील माणसाने आगगाडीकडे कायमची पाठ फिरविली नाही. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकीची साथ वारंवार उद्भवे. वारी त्यामुळे संपली नाही.

शेगावचा अनुभव याला पुष्टी देतो. मार्च २०२० मध्ये बंद झालेले मंदिर नोव्हेंबरात उघडले ते ई-पासच्या अटीवर. ज्याच्या हाती स्मार्टफोन आणि तो चालविणारा नातू, त्याला दर्शन सुलभ; ज्याच्याजवळ दोन्ही नाही त्याने काय करावे, हा प्रश्न होताच. पुढे दुसऱ्या लाटेत राज्यातील देवळे पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, उघडली. आषाढीसाठी शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी पालखी २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे निघू शकली नाही. २०२२ मध्ये ती पूर्ववत निघाली आणि वाटेवरच्या गावांनी तिचे स्वागत पूर्वीच्याच उत्साहाने केले. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी अकस्मात गुलाबी झाले. खारट पाण्यातील सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आल्याचा निष्कर्ष नंतर निघाला. जगभरच्या वृत्तपत्रांनी ते छायाचित्र छापले, आणि शेजारच्या मेहकर तालुक्यातील माणसाला मात्र ते छायाचित्रातच पाहावे लागले. पाहण्याची हौस होती. वाट बंद होती.

आता आकडे पाहू. जागतिक पर्यटन संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ मध्ये सुमारे १४६ कोटी पर्यटक परदेशी गेले होते. २०२० मध्ये हा आकडा ४० कोटींच्या आसपास घसरला आणि २०२४ मध्ये पुन्हा १४० कोटींवर आला. भारतात देशांतर्गत विमान-प्रवाशांची संख्या २०१९ मध्ये १४.४ कोटी होती, २०२० मध्ये ती ६.३ कोटी झाली आणि २०२३ मध्ये १५.२ कोटींवर जाऊन जुना उच्चांकही ओलांडून गेली. याच्या शेजारी रेल्वेचा आकडा ठेवावा. २०१९-२० मध्ये रेल्वेने सुमारे ८०८ कोटी प्रवासी वाहिले, २०२०-२१ मध्ये १२५ कोटी, आणि २०२२-२३ मध्ये सुमारे ६४० कोटी. विमान भरून वाहू लागले तेव्हा रेल्वे अजून जुन्या पातळीच्या बरीच खाली होती. भीती हेच जर खरे कारण असते, तर दीडशे-दोनशे माणसे दाटीने बसविणाऱ्या बंद विमानाला लोकांनी सर्वांत आधी टाळले असते, आणि खिडक्या उघड्या असलेल्या पॅसेंजरला सर्वांत शेवटी. घडले ते नेमके उलट.

असे का घडले, हे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. टाळेबंदीनंतर रेल्वेने आरक्षणाच्या गाड्या आधी सुरू केल्या. आरक्षणाविना चढता येणाऱ्या पॅसेंजर गाड्या पुष्कळ उशिरा आल्या. आल्या त्याही एक्सप्रेसच्या दराने. पूर्वी किमान भाडे १० रुपये होते ते ३० रुपये झाले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत हाच दर राहिला. नांदुऱ्याहून शेगावला दर्शनाला वा मजुरीला जाणाऱ्या कुटुंबाला तिप्पट भाडे म्हणजे काय, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये, त्यांनी अनावश्यक प्रवास करू नये या कारणाने काढून घेण्यात आली. साथीचा धोका सरला तरी ती परत मिळाली नाही. प्रकृतीच्या काळजीपोटी घातलेले बंधन नंतर तिजोरीच्या काळजीपोटी चालू राहिले, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड आहे.

एस.टी.ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. २३ मार्च २०२० पासून तिची चाके थांबली. २२ मेपासून जिल्ह्यांतर्गत फेऱ्या निम्म्या आसनांवर सुरू झाल्या, २० ऑगस्टपासून आंतरजिल्हा वाहतूक आणि १८ सप्टेंबरपासून पूर्ण आसनक्षमता. नंतर दुसरी लाट. तीतून सावरत असताना ऑक्टोबर २०२१ मध्ये भाडे सतरा टक्क्यांनी वाढले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांत तथ्य नव्हते असे नाही. तो स्वतंत्र विषय आहे. येथे मुद्दा इतकाच, की दोन वर्षांच्या या काळात एस.टी. पूर्ण क्षमतेने, नेहमीच्या दराने आणि अखंडपणे फारच थोडे दिवस धावली. जी वस्तू दुकानात धड उपलब्धच नव्हती, तिला गिऱ्हाईक राहिले नाही असे म्हणण्यासारखेच हे झाले.

या काळाचा खरा हिशेब शाळकरी मुलींकडे मागावा. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळांचे नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून उघडले आणि पुढल्या वर्षीच्या लाटेत पुन्हा बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागातील शाळा पुन्हा भरू लागल्या, तोच महिना संपता संपता बस थांबली. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलीला एस.टी.चा पास मोफत आहे, काही तालुक्यांत मानव विकासच्या बसही खास मुलींसाठी आहेत. पण बसच येत नसेल तर मोफत पास दप्तरात राहतो. शाळा उघडी आणि रस्ता बंद, अशा त्या सहा महिन्यांत मुलगा शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेला. मुलीला घरच्यांनी तसे जाऊ दिले नाही. यांतून कोणाची शाळा सुटली, कोणाचे लग्न उरकले गेले, ते कोणत्याही आगाराच्या नोंदवहीत सापडणार नाही.

प्रवाशाची इच्छा जिवंत होती याचा पुरावा शासनानेच नंतर पुरविला. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे लागू झाले. राज्यभर बस भरभरून वाहू लागल्या. देवदर्शनाला, माहेराला, बाजाराला जाणाऱ्या स्त्रियांनी बसस्थानके गजबजली. विषाणूला सर्वांत अधिक भ्यावे असे ज्यांना सांगितले जात होते ते वृद्धच या गर्दीत पुढे होते. एका दर-पत्रकाने जे घडले, ते भीतीच्या सिद्धान्ताने समजावून सांगता येत नाही.

काही प्रवास खरोखरच कायमचा कमी झाला, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सातबाऱ्याचा उतारा, परीक्षेचा अर्ज, बँकेची देवघेव यांसाठी तालुक्याला घातले जाणारे हेलपाटे मोबाइलने वाचविले. हा हेलपाटा वाचला तर दुःख करण्याचे कारण नाही. अनेकांनी दुचाकी घेतली. तिच्यातही सोय आहे. मात्र हप्त्यावर घेतलेली प्रत्येक दुचाकी हौसेची नसते. सकाळी सातची बस गेली म्हणून घेतलेली गाडी ही खर्चाच्या रकान्यात वेगळ्या ठिकाणी मांडावयास हवी. आणि अशी गाडी घेणारा एक नोकरदार बसमधून उतरला की उरलेल्या दहा मजुरांच्या व म्हाताऱ्यांच्या फेरीचे भारमान तेवढ्याने घटते.

भारमान हा एस.टी.च्या कारभारातील कळीचा शब्द आहे. एखाद्या फेरीत आसनांच्या मानाने किती प्रवासी बसले, यावरून ती फेरी ठेवावी की तोडावी हे ठरते. सामान्य काळात ही कसोटी ठीकच आहे. परंतु फेरी अनियमित झाली की प्रवासी तिच्यावर विसंबणे सोडतो. तो विसंबत नाही म्हणून भारमान पडते. भारमान पडले म्हणून फेरी तुटते. फेरी तुटल्यावर तर भारमान मोजण्याचा प्रश्नच मिटतो. साथीपूर्वी महामंडळाच्या ताफ्यात अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, त्या पुढे पंधरा हजारांच्या आसपास आल्या. गाड्या अपुऱ्या पडल्या की लांब पल्ल्याच्या, उत्पन्न देणाऱ्या मार्गांना आधी मिळतात, आणि तुटतात त्या आडवळणाच्या गावांच्या व मुक्कामी फेऱ्या. रात्री गावात येऊन पहाटे निघणारी मुक्कामी गाडी ही खेड्याला तालुक्याच्या दिवसाशी जोडणारी एकमेव कडी होती. अनेक गावांत ती साथीच्या काळात थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. दप्तरी कारण काहीही असो, लोकांच्या तोंडी मात्र ते ‘कोरोनात बंद झाली’ असेच राहिले आहे.

यावर उपाय म्हणून मोठ्या आयोगाची गरज नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे दर हिवाळ्यात कोणत्या ना कोणत्या खेड्यात भरतात. त्या मुलामुलींनी एक दिवस घरोघर जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: २०१९ मध्ये गावात कोणती गाडी किती वाजता येत होती, आज येते का, आणि ती आली असती तर गेल्या आठवड्यात घरातले कोण कोठे गेले असते. अशा शंभर गावांची यादी चिखली, मेहकर, जळगाव जामोद, मलकापूर येथील आगारांना पुढील वेळापत्रक आखण्यापूर्वी मिळाली, तर कोणती फेरी तोडावयाची आणि कोणती पुन्हा सोडावयाची, याचा निर्णय घेताना बसमध्ये चढलेल्यांच्या आकड्याशेजारी न चढू शकलेल्यांचाही आकडा मांडता येईल.